काटा हलला नाही

कराडला बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेप, मिक्सर, इस्त्री आणि लग्नसराईत मंडपवाल्यांचे कर्णे. शाळा सुटली की मी तिथेच. टेबलाच्या डाव्या खणात अभ्रक असायचं, जळक्या इस्त्र्यांच्या एलिमेंटमधून सोडवलेलं. दुकानात त्याला सगळे मायका म्हणत. नखाने कड उचलली की त्याचा पदर सुटायचा, त्या पदराचा पुन्हा पदर, आणि शेवटी इतका पातळ की श्वासाने उडून जाई. उजव्या खणात फाटलेल्या स्पीकरांतून काढलेले चुंबक होते: काळे, जड, मध्ये भोक असलेले. ते घेऊन आम्ही प्रीतिसंगमावर जायचो आणि वाळूत फिरवायचो. काळे कण दाढीसारखे चिकटून यायचे.

मल्टिमीटरला, म्हणजे वीज वाहते की नाही ते काट्याने दाखवणाऱ्या यंत्राला, मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम होता. एका दुपारी विचारून घेतला. दोन्ही टोकं आधी खिळ्याला लावली; काटा सर्रकन उजवीकडे गेला. मग स्पीकरच्या चुंबकाला लावली. काटा हलला नाही. जागा बदलून लावली, चुंबक फडक्याने पुसून लावली, तरी नाही.

"बाबा, हा चुंबक खराब झालाय."

बाबांनी तो स्टुलाच्या पायाला चिकटवला आणि ओढून दाखवला. "खराब कसला? फेराइट आहे ते. त्यातून करंट जात नाही."

"मग तो चुंबक कसा झाला?"

"ते मला ठाऊक नाही गं. शिकलीस की सांग."

त्या वेळी माझ्या डोक्यातला हिशेब सरळ होता. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की चुंबकत्व येतं, हे पुस्तकात होतं. खिळ्याला तार गुंडाळून सेल जोडला की टाचण्या उचलल्या जातात, हे मी करून पाहिलं होतं. म्हणजे वीज वाहिली तर चुंबक. आणि हा दगडासारखा काळा तुकडा वीज अजिबात वाहू देत नाही, तरी चुंबक. मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

आज मी पुण्यात बसून पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी संगणकावर काढते. गेली अकरा वर्षं माझं सगळं काम एकाच जातीच्या पदार्थांवर आहे: अभ्रकासारखे पदर सुटणारे, वीज धड वाहून न नेणारे आणि धड न अडवणारे, म्हणजे अर्धवाहक, आणि तरीही चुंबक. बाबांचे दोन्ही खण एकाच स्फटिकात. योगायोग असेल, पण मला तो योगायोग वाटत नाही.

चुंबकत्वाबद्दलची पहिली धक्कादायक गोष्ट मला एम.एस्सी.ला कळली. जुन्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी चुंबक असूच शकत नाही. नील्स बोर यांनी १९११ च्या प्रबंधात आणि त्यांच्याशी काही संबंध नसताना हेंड्रिका व्हान लेउवेन या डच संशोधक बाईंनी १९१९ मध्ये दाखवलं, की न्यूटनच्या नियमांनी फिरणाऱ्या विद्युतभारांचा समूह समतोलात असेल, तर त्यांचं एकूण चुंबकत्व बरोब्बर शून्य येतं. थोडंही उरत नाही. वाळूतून काळे कण ओढणारा तो स्पीकरचा तुकडा म्हणजे क्वांटम जग मुठीत धरण्यासारखं होतं, आणि मी तो दप्तरात टाकून हिंडत होते.

दुसरा धक्का याहून मोठा. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. म्हणून वाटतं, की हे इवलेसे चुंबक एकमेकांना चुंबकी बळाने ओढून एका दिशेला उभे राहत असतील. हिशेब केला तर ते बळ इतकं दुबळं निघतं, की १ केल्विनच्या, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपासच सगळी शिस्त मोडून पडावी. प्रत्यक्षात लोखंड १०४३ केल्विनपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतं. हजारपटीची तफावत! १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी तिचं उत्तर दिलं: चुंबकांना रांगेत उभं करणारं बळ चुंबकी नाहीच, ते विजेचं आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. सारखा स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊच शकत नाहीत, हा पाउली यांचा नियम. त्यामुळे स्पिन सारखे ठेवले की इलेक्ट्रॉन आपोआप एकमेकांपासून लांब राहतात आणि ढकलाढकलीची ऊर्जा वाचते. कुठे स्पिन सारखे ठेवणं स्वस्त पडतं आणि कुठे उलटे ठेवणं, हे त्या पदार्थातले इलेक्ट्रॉन कुठे, कसे बसलेत त्यावर ठरतं. चुंबकत्व ही पदार्थाला वरून लावलेली गोष्ट नाही. ती इलेक्ट्रॉनांच्या बैठकीतूनच येते.

हे एकदा पटलं की क्रोमियम ट्रायआयोडाइडसारखा पदार्थ पाहून जीव हरखतो. काळ्या, चकचकीत पापुद्र्यांचा स्फटिक. एका पदरात क्रोमियमचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनांत बसलेले आणि प्रत्येक क्रोमियमभोवती आयोडीनचे सहा अणू. या सहा शेजाऱ्यांमुळे क्रोमियमच्या पाच डी ऑर्बिटलचे, म्हणजे इलेक्ट्रॉन बसायच्या जागांचे, दोन गट पडतात: तीन खालच्या ऊर्जेची, दोन वरच्या. क्रोमियमकडे तिथे ठेवायला इलेक्ट्रॉन उरलेत नेमके तीन. तीन जागा, तीन इलेक्ट्रॉन. एकेका जागी एकेक जातो आणि तिघांचेही स्पिन एका दिशेला राहतात, कारण तसं राहिलं की ते एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहतात. प्रत्येक जागेत उलट स्पिनचा दुसराही मावतो, म्हणून खालचा गट असा नेमका अर्धा भरतो. पुढची रिकामी जागा बरीच वर असल्याने मध्ये ऊर्जेची दरी राहते, सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. अणूचं चुंबकत्व आणि पदार्थाचं अर्धवाहक असणं, दोन्ही त्या तीन इलेक्ट्रॉनांच्या एकाच मांडणीतून येतात. दृश्य प्रकाशाची ऊर्जा त्या दरीपेक्षा जास्त असते, म्हणून तो शोषला जातो आणि स्फटिक काळा दिसतो. रंगसुद्धा त्याच हिशेबातला.

पण शेजारच्या दोन क्रोमियमनी एकमेकांचं ऐकायचं कसं? ते एकमेकांना भिडलेले नाहीत, मध्ये आयोडीन आहे. निरोप आयोडीनमार्फत जातो. क्रेमर्स यांनी १९३४ मध्ये ही कल्पना मांडली, पुढे अँडरसन यांनी ती पक्की केली, आणि गुडइनफ व कानामोरी यांनी तिचे नियम बांधले. हे जॉन गुडइनफ म्हणजे लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालेलेच. आपल्या खिशातल्या फोनशी त्यांचा संबंध सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासाठी मात्र ते कोन मोजायला शिकवणारे गृहस्थ आहेत.

कारण सगळा खेळ कोनाचा आहे. दोन धातू-अणू आणि त्यांच्यामधला अणू एका सरळ रेषेत असतील, तर दोघेही मधल्या अणूच्या एकाच ऑर्बिटलमध्ये हात घालतात. त्या ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात, एकमेकांच्या उलट स्पिनचे. एक या बाजूशी जुळतो, दुसरा त्या बाजूशी, आणि दोन्ही धातू-अणू उलटे उभे राहतात. पण कोन काटकोनाच्या जवळ असला, तर दोघे मधल्या अणूच्या दोन वेगवेगळ्या ऑर्बिटलना भेटतात. तिथे पुन्हा तोच नियम लागू होतो, वेगळ्या जागांवरच्या इलेक्ट्रॉनांनी सारखे राहावं हा, आणि निरोप जातो तो 'माझ्यासारखाच उभा राहा' असा. क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये हा कोन ९० अंशांच्या जवळ आहे. म्हणून त्याच्या एका पदरातले सगळे क्रोमियम एका दिशेला उभे असतात.

ज्या रात्री हे खरोखर उमगलं, त्या रात्री मी बाबांना फोन केला होता. स्पीकरच्या फेराइटमध्ये आयोडीनच्या जागी ऑक्सिजन असतो आणि चुंबकत्व लोहाचं असतं. बऱ्याच लोह-अणूंमधला कोन सरळ रेषेकडे झुकलेला, म्हणजे निरोप उलटं राहण्याचा. पण बेरियम फेराइटमध्ये दर बारा लोह-अणूंपैकी आठ एका दिशेला असतात आणि चार विरुद्ध. आठातून चार गेले, चार उरले. वाळूतले काळे कण त्या उरलेल्या चारांनी ओढले होते. इलेक्ट्रॉन आपापल्या जागी पक्के बसलेले, म्हणून वीज वाहत नाही. निरोप मात्र जातो, कारण निरोपासाठी कुणी गाव सोडून जावं लागत नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू लहानपणी विचारलं होतंस ते." त्यांच्या लक्षात होतं.

आता पदरांकडे येते. मँचेस्टरला २००४ मध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक-अणू जाडीचा पदर सोडवला, तेव्हापासून जगभर पदर सोडवण्याची लाट आली. ग्राफीन झालं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड झालं. एका पदराचा चुंबक मात्र कुणाच्या हाती लागत नव्हता. त्याला कारण होतं. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर यांनी सिद्ध केलं होतं, की द्विमितीय पदार्थात स्पिनना सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर शून्य केल्विनच्या वर कुठल्याही तापमानाला ते शिस्तीत उभे राहू शकत नाहीत. स्पिनच्या लांबच लांब लाटा जवळजवळ फुकटात उठतात आणि रांग विस्कटते. वाचायची असेल तर एकच वाट: स्पिनना एखादी दिशा जास्त आवडली पाहिजे.

क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये ती आवड आयोडीनने दिली आहे. आयोडीन स्वतः चुंबकीय नाही, पण जड आहे. जड अणूंमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची अणूभोवतीची गती एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. हा गुंता निरोपासोबत क्रोमियमपर्यंत पोचतो आणि स्पिन पदराला लंब उभे राहतात. आयोडीनच्या जागी हलकं क्लोरीन घाला, म्हणजे जांभळा क्रोमियम क्लोराइड, तर स्पिन पदराच्या पातळीत आडवे होतात. मध्येच बसलेला, चुंबकत्वात ज्याचं नावही कुणी घेत नाही, तो अणू एका पदराच्या चुंबकाला उभं ठेवतो. माझ्या कामात मला सगळ्यात जवळचं वाटणारं सत्य हेच आहे.

दिशेच्या आवडीचा हा विषय भारतात फार आधी गाजला होता, ही गोष्ट आमच्या वर्गात कुणी सांगितली नाही, म्हणून इथे सांगते. के. एस. कृष्णन यांनी ढाक्याला आणि मग कोलकात्याला क्वार्ट्झच्या बारीक धाग्याला स्फटिक टांगून, चुंबकी क्षेत्रात तो किती पीळ घेतो हे मोजलं. गांगुली यांच्यासोबत १९४१ मध्ये त्यांनी ग्रॅफाइटवर लेख लिहिला. पदरांना लंब दिशेत ग्रॅफाइट चुंबकी क्षेत्राला जो विरोध करतं, तो पदरांच्या दिशेतल्या विरोधापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, आणि तो जास्तीचा विरोध पदरात मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आहे. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रॉनांना कुठकुठल्या ऊर्जा मिळू शकतात, याचा हिशेब वॉलेस यांनी मांडला तो १९४७ मध्ये. त्याच्या सहा वर्षं आधी कोलकात्यात एका धाग्याच्या पिळावरून पदरी पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी वाचली जात होती.

एका पदराचा चुंबक शेवटी २०१७ मध्ये सापडला. अमेरिकेत सिएटल आणि एमआयटीच्या गटांनी क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एक पदर ४५ केल्विनपर्यंत चुंबक राहतो हे दाखवलं. जाड स्फटिक ६१ पर्यंत राहतो. त्याच वेळी बर्कलीच्या गटाने क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियमच्या पदार्थात दोन पदरांपर्यंत असाच शोध लावला. एवढा पातळ चुंबक मोजायचा कसा, हाही प्रश्न होताच. चुंबकीय रचना पाहायला न्यूट्रॉन उत्तम, आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते काम चालतं, पण एका पदरात न्यूट्रॉनला धडकायला पदार्थच पुरेसा नाही. म्हणून प्रकाश वापरला. चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनाची पातळी किंचित फिरते, हे केर यांनी १८७७ मध्ये पाहिलं होतं, तेच कामी आलं.

त्या प्रयोगात एक गोष्ट विचित्र होती. एका पदराने प्रकाश फिरवला, तीन पदरांनी फिरवला, दोन पदरांनी नाही. दोन पदर एकमेकांच्या उलट उभे होते. ०.६५ टेस्लाचं क्षेत्र लावल्यावरच ते एका दिशेला आले. पण जाड स्फटिकात सगळे पदर एकाच दिशेला असतात, हे पूर्वीपासून ठाऊक होतं.

माझी पीएच.डी. या दोन पदरांत जवळजवळ बुडाली. मी गणित करायची आणि उत्तर यायचं: दोन्ही पदर एका दिशेला. प्रयोग म्हणायचा उलटे. आमच्या गणितात हबर्ड-यू नावाची एक संख्या घालावी लागते. डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन एकमेकांना किती जोराने ढकलतात, त्याची ती दुरुस्ती. ती थोडी वाढव, थोडी कमी कर, असे आठ महिने गेले. कुठल्याही आकड्याला हवं तसं उत्तर येईना. उलट मला त्या संख्येचीच भीती वाटायला लागली. अशी एखादी चावी हातात असली, की माणूस हवं ते उत्तर येईपर्यंत ती पिळत राहतो, आणि मग ते उत्तर पदार्थाचं आहे की आपल्या हट्टाचं, हे सांगता येत नाही. आजही कुणाचा शोधनिबंध वाचताना मी आधी तो आकडा आणि तो का निवडला हे शोधते. कारण दिलेलं नसेल तर निबंध मिटून ठेवते.

चूक आकड्यात नव्हती, रचनेत होती. जाड स्फटिकाचे पदर साधारण २१० केल्विनच्या खाली थंड होताना एकमेकांवर थोडे सरकतात. चुंबकत्व थंडीतलं, म्हणून मी थंडीतली, सरकलेली रचना घेतली होती. पण चिकटपट्टीने सोडवलेले पातळ पापुद्रे थंड केले तरी सरकत नाहीत. गरम असतानाच्या बैठकीतच राहतात. २०१८ मध्ये एकापाठोपाठ एक असे काही गटांचे निबंध आले आणि त्यात हेच होतं. वरच्या पदराच्या इलेक्ट्रॉनला खालच्या पदरात समोर एक इलेक्ट्रॉन आधीच असलेली जागा आली, तर उलटं राहणं स्वस्त. समोर रिकामी जागा आली, तर सारखं राहणं स्वस्त. पदर अणूच्या रुंदीइतके सरकले की समोरची जागा बदलते आणि दोन पदरांचं नातंच बदलतं. २०१९ मध्ये दाब देऊन हे प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं: दाबाखाली पदर सरकले आणि उलटे उभे असलेले सरळ झाले.

त्या आठ महिन्यांचं मला वाईट वाटत नाही, असं म्हणणार नाही. वाटतं. पण चिरोटे करताना आई एक पोळी दुसऱ्यावर ठेवायची, तेव्हा ती कशी ठेवली यानेच खाताना पदर कसा सुटेल हे ठरायचं, आणि मी ते लहानपणापासून बघत आले होते.

नंतर काही आठवडे मी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले. संगणकावरचा पदार्थ एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. आर्गॉन भरलेल्या पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून पापुद्रे सोडवायचे. एका सकाळी पेटीत कुठून तरी हवा शिरली होती. सूक्ष्मदर्शकाखाली आदल्या दिवशीचे धारदार कडांचे पापुद्रे थेंबांसारखे विरघळलेले दिसले. हवेतलं पाणी आणि उजेड मिळून क्रोमियम ट्रायआयोडाइड असा खातात. त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हवेत टिकत नाही, मग दुरुस्त करणार कुठे?" ते चाळीस वर्षं उघड्या टेबलावर काम करत आले.

म्हणून सध्या माझा जीव दुसऱ्या पदार्थात अडकलाय. क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड. हवेत टिकतो. १३२ केल्विनपर्यंत त्याची चुंबकी शिस्त राहते, म्हणजे उणे १४१ अंश. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, तेव्हा महागड्या द्रव हेलियमवाचून काम भागतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांना या फरकाची किंमत चांगली कळते.

यातही प्रत्येक पदर आपल्यापुरता एका दिशेचा आणि शेजारचा उलट. पण इथे मला हवं ते उघड दिसतं. शेजारचा पदर उलटा असताना इलेक्ट्रॉनला तिकडे जायला त्याच्या स्पिनची सोयीची जागा नसते, तो आपल्याच पदरात अडकून राहतो. क्षेत्र लावून पदर एका दिशेला आणले की वाट मोकळी होते, इलेक्ट्रॉन दोन्ही पदरांत पसरतो आणि त्याची ऊर्जा थोडी उतरते. २०२१ मध्ये सिएटलच्या आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटांनी मिळून हे प्रकाशातून दाखवलं: चुंबकी रचना बदलली की या पदार्थातून निघणाऱ्या, तांबड्याच्या जरा पलीकडच्या प्रकाशाचा रंगच सरकतो. आजवर मी इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून चुंबकत्व काढत आले होते. इथे चुंबकत्व उलट हात करून मांडणी बदलतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गच्चीवर जाऊन आले.

गेल्या दिवाळीत मैत्रिणीने वाढवलेल्या स्फटिकाची एक लांबट, काळी काडी काचेच्या डबीत घालून मी कराडला नेली. दुकान आता बंद आहे, पण टेबल घरी आणलंय, दोन्ही खणांसकट. बाबांनी भिंग लावून कड पाहिली. "मायकासारखंच सुटतं की." मग उजव्या खणातला एक जुना चुंबक जवळ नेला. काडी चिकटली नाही.

"उणे १४१ पर्यंत गार केलं की मगच यातले स्पिन शिस्तीत येतात," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. आतून मल्टिमीटर घेऊन आले, तोच, काट्याचा. ओहमची सगळ्यात मोठी पट्टी लावली, चष्मा पुसला आणि दोन्ही टोकं हळूच काडीच्या दोन कडांना टेकवली. काटा थोडासा सरकला आणि थांबला. त्यांनी टोकं उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा तेवढाच.

बराच वेळ ते त्या काट्याकडे पाहत होते. मग काडी चिमट्याने डबीत ठेवली, झाकण लावलं आणि टेबलापाशी उभं राहून मला विचारलं, "कुठल्या खणात ठेवू?"